स्टेजगाडीचा एक दावा व छापील निवाड्याचें साधनमूल्य

इतिहासाचें साधन म्हणून न्यायविषयक कागदांची थोरवी आमच्याकडे नव्यानें सांगावयास नको. महजर, निवाडपत्रें, तकरिरी व करीने यांवांचून मराठ्यांच्या सामाजिक इतिहासाचें एक पानहि नीट लिहितां यावयाचें नाहीं. परंतु ही थोरवी मान्य करतांना एक भेद नजरेंतून निसटतो. दप्तरांत सांपडलेला निवाडा आणि वकिलांच्या उपयोगासाठीं छापलेला निवाडा हीं एका जातीचीं साधनें नव्हत. दुसऱ्या जातीच्या साधनाची पारख कशी करावी, हें दाखविण्यासाठीं अमेरिकेंतील एक दावा येथें घेतला आहे. तो स्टोक्स विरुद्ध सॉल्टनस्टॉल या नांवानें, संयुक्त संस्थानांच्या सुप्रीम कोर्टाच्या १८३९ सालच्या निवाड्यांत, रिचर्ड पीटर्स यानें संपादिलेल्या तेराव्या खंडांत छापला आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. बाल्टिमोरहून व्हीलिंगकडे उतारूंची भाडोत्री स्टेजगाडी चालत असे. तींतून सॉल्टनस्टॉल व त्याची पत्नी प्रवास करीत असतां गाडी उलटली व पत्नीस इजा झाली. पतीनें गाडीच्या मालकांवर मेरीलंडच्या सर्किट कोर्टांत नुकसानभरपाईचा दावा लावला. तेथें मुख्य न्यायाधीश टॉनी याच्यासमोर ज्युरीनें उतारूच्या बाजूनें कौल दिला, आणि मालकांनीं वरिष्ठ कोर्टांत धांव घेतली.

आतां पहिली अडचण नांवाचीच. आमच्या निवाडपत्रांत अग्रवादी कोण व पश्चिमवादी कोण हें आरंभींच कळतें. येथें शीर्षकांत स्टोक्स पुढें व सॉल्टनस्टॉल मागें आहे. म्हणून यादी करणारा सहज लिहून जाईल कीं, गाडीवाल्यानें उतारूवर फिर्याद केली. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. त्या कोर्टांत खालच्या निकालांत दोष दाखविण्यासाठीं येणाऱ्या पक्षाचें नांव प्रथम येत असे. त्यामुळें मूळचा पश्चिमवादी वर जातांच अग्रवादी दिसूं लागतो. सर्किट कोर्टांतील हाच दावा सॉल्टनस्टॉल विरुद्ध स्टॉक्टन या नांवानें वेगळा छापलेला आहे. तो टॉनीचा जांवई जेम्स मेसन कॅम्बेल यानें १८७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या संग्रहांत मिळतो, म्हणजे खालचा निवाडा वरच्या निवाड्यानंतर बत्तीस वर्षांनीं ग्रंथरूपानें पुढें आला. नांवांवरून हे दोन दावे समजणें आणि छापण्याच्या क्रमावरून उत्तर-पूर्व ठरविणें, या दोन्ही चुका येथें टपून बसलेल्या आहेत.

स्टोक्स व स्टॉक्टन हीं नांवें अमेरिकन इतिहासांत अन्यत्रहि येतात. हे टपालाचे मक्तेदार. त्यांच्या येण्याच्या रकमेचा निर्णय खजिन्याच्या सॉलिसिटरनें करावा असा कायदा काँग्रेसनें १८३६ सालीं केला. तरी पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडॉल यानें ठरलेल्या रकमेपैकीं कांहीं भाग देण्याचें नाकारलें. त्यावरून झालेला केंडॉलवरील दावा १८३८ सालीं मक्तेदारांनीं जिंकला. त्या वेळीं टॉनी व बार्बर या दोघां न्यायाधीशांनीं भिन्नमत नोंदविलें होतें. आणि पुढच्याच वर्षीं उतारूच्या दाव्यांत खालचा न्यायाधीश टॉनी, तर वरचा निकाल लिहिणारा बार्बर! यावरून या दोघांचा गाडीवाल्यांवर कटाक्ष होता असें अनुमान काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. केंडॉलच्या दाव्यांतील त्यांचा मतभेद मक्तेदारांच्या पैशाविषयीं नसून, सरकारी अधिकाऱ्यास तसा हुकूम सोडण्याचा सर्किट कोर्टास अधिकार आहे कीं नाहीं, याविषयीं होता. दोन कागदांत तींच नांवें आढळलीं म्हणजे कारणसंबंध सिद्ध होत नाहीं, हें आमच्या वंशावळीच्या वादांतहि पुष्कळदां अनुभवास आलेलें आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सुप्रीम कोर्टापुढें सगळा दावा गेलाच नव्हता. ज्युरीनें ठरविलेली वस्तुस्थिति वरिष्ठ कोर्टानें पुन्हां उकरूं नये, असा त्या देशाच्या राज्यघटनेचा निर्बंध आहे. म्हणून ज्युरीस केलेल्या सूचनांवर मालकांच्या वकिलांनीं ज्या हरकती नोंदविल्या, तेवढ्यांचाच विचार वर झाला. सूचना मुख्यतः तीन होत्या. गाडी उलटली व इजा झाली एवढें सिद्ध होतांच हांकणाऱ्याची हयगय सकृद्दर्शनीं मानावी आणि ती नव्हती हें दाखविण्याचा भार मालकावर टाकावा, ही पहिली. हांकणारा कुशल, चांगल्या वर्तनाचा व कामास लायक होता, आणि त्या प्रसंगीं त्यानें पराकाष्ठेची सावधगिरी ठेविली, हें मालकानें दाखवावें, ही दुसरी. हांकणाऱ्याच्या दोषानें उतारू संकटांत पडले व गाडी उलटणार असें त्यांस सकारण वाटलें, तर त्यांनीं बाहेर पडण्याची धडपड केली म्हणून हक्क बुडत नाहीं. मात्र हांकणाऱ्याचा दोष नसतां त्यांनींच अविचारानें उडी टाकल्यामुळें गाडी उलटली असेल, तर मालक जबाबदार नाहीं, ही तिसरी. बार्बरनें या सूचना कायम केल्या.

त्यांस आधार म्हणून घेतलेले इंग्लंडांतील दोन निवाडे तपासून पाहण्यासारखे आहेत. पहिला क्रिस्टी विरुद्ध ग्रिग्ज, १८०९ सालचा. तेथें गाडीचा आंस तुटून टपावरील उतारू खालीं फेंकला गेला. सर जेम्स मॅन्सफील्ड यानें (हा सुप्रसिद्ध लॉर्ड मॅन्सफील्ड नव्हे, तो १७९३ सालींच वारला होता) गाडी निर्दोष होती हें दाखविण्याचा भार मालकावर टाकला. परंतु मालासंबंधीं वाहणाऱ्यावर जशी हमी असते तशी माणसांच्या जिवासंबंधीं नसते, असेंहि त्यानें सांगितलें; आणि अखेर ज्युरीचा कौल मालकाच्या बाजूनें झाला. म्हणजे ज्या निवाड्यावर अमेरिकन उतारू जिंकला, त्यांत इंग्रज उतारू हरला होता. शिवाय एकीकडे तुटलेला आंस, तर दुसरीकडे हांकणारा मनुष्य. हा भेदहि लहान नाहीं. दुसरा आधार जोन्स विरुद्ध बॉइस, १८१६ सालचा. लगामाची जोड तुटून घोडा अनावर झाला असतां उतारूनें उडी टाकली व त्याचा पाय मोडला; लॉर्ड एलेनबरोच्या कोर्टांत ज्युरीनें त्यास ३०० पौंड देवविले. हा आधार मात्र तिसऱ्या सूचनेस नेमका लागू पडतो.

क्रिस्टीचा निवाडा आपल्यास कोणाच्या हातून मिळाला, हेंहि पाहिलें पाहिजे. तो टिपणारा जॉन कॅम्बेल पुढें इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. आपण एलेनबरोचे सगळेच निवाडे छापले नाहींत, जे कायद्याच्या दृष्टीनें वाईट वाटले ते खणांत टाकून ठेविले, अशी कबुली त्यानें स्वतःच दिलेली आहे. क्रिस्टीचा निवाडा एलेनबरोचा नव्हे हें खरें. पण संपादकाची चाळणी एकच होती. जें छापलें तें न्यायाधीश बोलला म्हणून छापलें, कीं कॅम्बेलास पटलें म्हणून, हा प्रश्न विचारल्यावांचून तो ग्रंथ साधन म्हणून वापरतां येत नाहीं.

एवढी झाडाझडती केल्यावरहि बार्बरचा निकाल मुळांत न्यायाचा होता, असेंच आमचें मत आहे. आधार ढिला असला तरी तत्त्व पक्कें आहे. गाडी, घोडे व हांकणारा सर्वस्वीं मालकाच्या ताब्यांत. आंत बसलेल्या उतारूस लगाम दिसत नाहीं, कीं हांकणाऱ्याचा पूर्ववृत्तांत ठाऊक नाहीं. ज्याच्या हातीं पुरावा त्याच्यावर शाबितीचा भार, हें सांगण्यास क्रिस्टीच्या आंसाची गरज नव्हती. बार्बरनें स्वतःच्या कारणांवर अधिक व जुन्या टिपणावर कमी भर दिला असता, तर निकाल जास्त भक्कम झाला असता.

या सर्व वादांत जिला इजा झाली ती कोठें आहे? ज्युरीस दिलेल्या सूचनांत ती केवळ ‘वादीची पत्नी’ आहे. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें विवाहित स्त्रीस पतीवांचून दावा लावतां येत नसे. आणि छापील निवाड्यास तिच्या दुखण्याशीं कर्तव्य नव्हतें, त्यांतून निघणाऱ्या नियमाशीं होतें. तिनें काय पाहिलें, काय सोसलें, हें कळण्याची जागा म्हणजे खालच्या कोर्टांतील साक्षीपुरावा. आमचीं निवाडपत्रें या बाबतींत श्रीमंत ठरतात. त्यांत उभयतांचें म्हणणें विस्तारानें उतरलेलें असतें, आणि महजरावर तर बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्यासुद्धां असतात. उलट पुढील प्रकरणांस लागू पडणारा नियम त्यांतून क्वचितच निघतो. एका साधनांत माणसें आहेत, नियम नाहीं. दुसऱ्यांत नियम आहे, माणसें पुसलीं गेलीं आहेत.

म्हणून संग्राहकांस एवढेंच सांगणें आहे कीं, इंग्रजी अमलांतील मुन्सफ व जिल्हा कोर्टांचे कागद, नकला, जबान्या कोणाकडे पडून असतील, तर ‘निवाडा छापलेला आहे’ एवढ्यावर ते टाकाऊ समजूं नयेत. छापील निवाडा हा दाव्याचा सारांश नव्हे. दाव्यांतून वकिलांस जेवढें हवें तेवढें काढून घेतल्यावर जें मागें राहतें, तेंच बहुधा इतिहासकाराचें धन असतें.