लगाम कोणाच्या हाती? : शहराकडे निघालेली मोटारसायकल आणि आपले साहित्य

आपल्या आत्मकथनांवर गेल्या चार-पाच दशकांत विपुल लिहिले गेले. भूक, वस्ती, शाळा, देवदेवस्की, जातपंचायत, भाषा अशा बहुतेक अंगांची चर्चा झाली. मात्र गाव सोडलेला माणूस शहरात आला तो कशाने आला, हा साधा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारला नाही. प्रवासाचे साधन म्हणजे किरकोळ तपशील, असे आपण गृहीत धरले. माझ्या मते तो किरकोळ नाही. ज्या समाजात घोड्यावर कोणी बसायचे आणि गाडीमागून कोणी चालायचे हे जन्माने ठरत होते, त्या समाजात वाहन हा दर्जाचा प्रश्न असतो, आणि म्हणून तो वाङ्मयीन प्रश्नही असतो. आज लातूर-नांदेड-परभणीकडचा कितीतरी मुलगा पुण्याला येतो तो स्वतःच्या मोटारसायकलवर येतो. त्याच्याविषयी लिहू पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

आधीचे येणे पाहा. अण्णा भाऊ साठे १९३० च्या दशकाच्या आरंभी वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) एस. टी. स्टँड हाच निवारा आहे. गाड्या इतरांसाठी सुटतात, हे कुटुंब तिथेच राहते. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (१९७८) कावाखाना म्हणजे गाव आणि मुंबई यांच्यामध्ये लोंबकळणाऱ्या माणसांची वस्ती. या लेखनात वेगाने धावणारे वाहन नेहमी दुसऱ्याचे असते. सुटायची वेळ दुसरा ठरवतो, थांबा दुसरा ठरवतो. या लेखनाला जी वाट पाहण्याची लय आली, ती केवळ शैलीतून आलेली नाही. आत्मकथनांतले शहर चाळीला आणि नाक्याला इतके चिकटलेले का दिसते, त्याचे एक कारणही यातच असावे. पायी हिंडणाऱ्याचे शहर लहान असते, पण त्यातला दगड न् दगड ओळखीचा असतो.

वाहन आणि जात यांचा संबंध सर्वांत नेमका सांगितला तो खुद्द बाबासाहेबांनी. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या टिपणांत दोन प्रसंग आहेत. पहिला १९०१ चा. वडिलांकडे गोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. गाडीवाले त्यांना नेईनात. अखेर तोड निघाली ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे आणि बैल मुलांनीच हाकायचे. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते आणि सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर होते. टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. टांगा मात्र भाड्याने द्यायला तयार होता. तेव्हा वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेतल्या पुलावर टांगा कोलमडला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग आपण सभांतून अन्यायाचा दाखला म्हणून सांगतो. तो दाखला आहेच. पण समीक्षकाने त्यातली आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. टांगेवाल्याचा पैशाला विरोध नव्हता, टांगा बाटेल असेही त्याने म्हटले नाही. त्याचा विरोध होता तो बॅरिस्टरचा सारथी होण्याला. लगाम आणि आसन यांतले नाते हीच जात होती. आणि वस्तीतल्या माणसाला टांगा हाकता येत नव्हता, तोही त्याच्या अंगचा दोष नव्हता. लगाम धरण्याची संधीच त्याला कोणी दिलेली नव्हती.

मोटारसायकलचे महत्त्व मला येथे दिसते. तिला सारथी लागत नाही. आसन आणि लगाम एकाच माणसाच्या ताब्यात असतात. गावात हे नेमके ओळखले जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो याचा राग हल्लेखोरांना होता, अशी त्याच्या कुटुंबाची तक्रार आहे. वार हातांवर झाले, हे लक्षात घ्यावे. घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला खाली ओढणारा गाव आणि बुलेटवरच्या मुलाचे हात पाहून बिथरणारा गाव यांत फरक फक्त वाहनाचा आहे.

अशा गावातून मुलगा निघतो. मुरूड, बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असे करीत तीनशेच्या वर किलोमीटर तोडतो. मागच्या सीटला दोरीने बांधलेली बॅग, तीत कपडे, अंथरूण आणि प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये दाखले. गाडी बहुधा हप्त्याची, आर. सी. बुकावर कर्ज देणाऱ्याच्या नावाचा बोजा चढलेला असतो. म्हणजे लगाम हाती आहे, पण घोडा अजून सावकाराचा आहे. आपल्यातले काही कार्यकर्ते या गाडीकडे चैन म्हणून पाहतात. चळवळीला वर्गणी द्यायला पोरांकडे पैसा नाही आणि गाडीला आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. या आक्षेपात गावाने काय काय सोसायला लावले याचा विसर आहे. रात्री-बेरात्री वस्तीवर हल्ला झाला, कोणी बाळंतीण अडली, तर ज्या वस्तीत एकही गाडी नाही तिने कोणाच्या दारात उभे राहायचे?

शहरात शिरल्यावर पहिला प्रश्न खोलीचा. येथे बाबुराव बागूल आठवतात. ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो, आणि निवाऱ्यासाठी त्याला जात लपवावी लागते. त्या कथेत जात तोंडातून, आडनावातून, वागण्यातून उघडी पडण्याची भीती आहे. आजच्या स्वाराची गाडी त्याच्या आधी बोलते. एम. एच. २४ म्हटले की लातूर, २२ म्हणजे परभणी, २६ म्हणजे नांदेड. राज्यातल्या राज्यात स्थलांतर केले तर नंबर बदलत नाही, म्हणून पुण्याच्या एम. एच. १२ च्या रांगेत तो परगावचा म्हणून उठून दिसतो. इथवर ठीक, जिल्हा म्हणजे जात नव्हे. पण टाकीवर किंवा पुढच्या काचेवर ‘जय भीम’ लिहिलेले असते, निळे अशोकचक्र असते. खोली पाहायला जाताना ही अक्षरे तशीच ठेवायची की खरवडून काढायची? बागुलांच्या कथेतली चोरी इथे नखाने स्टिकर खरवडण्याइतकी छोटी झाली आहे, आणि तेवढीच मोठीही राहिली आहे. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा खून झाल्याचे प्रकरण आपल्याला ठाऊक आहे. फोन खिशात घालून आवाज बंद करता येतो. टाकीवरचे अक्षर सतत दिसत असते. ज्याला आज बागुलांच्या वाटेने जायचे आहे त्याने ती कथा पुन्हा लिहू नये. ही टाकी लिहावी.

चाकामागे बसून शहर पाहणारा एक मोठा कवी मात्र आपल्याकडे होऊन गेला. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवत होते. ‘गोलपिठा’ची (१९७२) चर्चा करताना आपण त्याची भाषा, त्यातला अधोलोक, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना यांविषयी बोलतो. टॅक्सीचा उल्लेख होतो तो चरित्रातली गंमत म्हणून. मला मात्र ती कविता एका जागी बसून शहराकडे पाहत नाही याचे काही नाते त्या स्टिअरिंगशी जोडावेसे वाटते. टॅक्सीवाल्याला सगळे शहर उघडे असते, पण कुठे जायचे ते मागे बसलेला सांगतो. शहराची सगळी वाट माहीत असणे आणि त्या वाटेवर स्वतःची एकही मर्जी न चालणे, हा ताण आहे. आजच्या मोटारसायकलस्वाराचा ताण तोच आहे, फक्त मागच्या सीटवर माणूस दिसत नाही.

मोटारसायकलवरचे जे साहित्य जगात गाजले त्याचा इथे फारसा उपयोग नाही. रॉबर्ट पर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ (१९७४) हे सुट्टीवर निघालेल्या बापलेकाचे पुस्तक आहे. यंत्राविषयी त्यात खोल विचार आहे, पण गाडी बंद पडली तर त्या घरातली चूल बंद पडत नाही. चे गेव्हाराची गोष्ट थोडी वेगळी. १९५२ साली तो आणि अल्बेर्तो ग्रानादो एका जुन्या नॉर्टनवर निघाले. ती गाडी चिलीमध्ये निकामी झाली, आणि त्यानंतरच, पायउतार झाल्यावर, चुकीकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना त्यांना ते बेकार कम्युनिस्ट खाणकामगार जोडपे भेटले. म्हणजे गाडी मेली तेव्हा पुस्तक जिवंत झाले. मध्यमवर्गीय तरुणाला माणसे भेटण्यासाठी गाडीवरून उतरावे लागते. आपल्या मुलाला तीच माणसे भेटतात ती गाडीवर बसल्यामुळे: पंक्चरवाला, पेट्रोलपंपावरचा पोऱ्या, सोसायटीचा वॉचमन, रात्री दोनला चहा देणारी टपरी. आपल्या पडद्यावर ‘सैराट’ने (२०१६) बुलेट दाखवली, पण ती पाटलाच्या मुलीच्या हाती, त्या चित्राची सामाजिक अचूकता वादातीत आहे.

आता लगामाकडे वळू. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ सालातल्या गिग कामगारांची संख्या ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला. त्यांतले सगळे स्वार नाहीत आणि सगळे आपले नाहीत. पण गावाहून गाडी घेऊन आलेल्याला पहिले काम मिळते ते बहुधा इथेच. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, पडल्यावर मोडणारे हाड त्याचे. ऑर्डर कोणती, किती वेळात, किती पैशांत, हे फोन ठरवतो. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. चाळीसगावचा टांगेवाला निदान समोर उभा राहून नाही म्हणत होता. याला काम मिळाले नाही तर ते कोणी नाकारले हेही कळत नाही.

आणि पिशवीच्या आतले अन्न? २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने फक्त शाकाहारी अन्न नेणारा वेगळा ताफा जाहीर केला. त्या स्वारांना हिरवा वेश असणार होता. गदारोळ झाल्यावर वेश दुसऱ्याच दिवशी मागे घेतला गेला. चौका आणि सोवळे यांना चाके लावण्याचा हा प्रकार होता. २०२२ च्या जूनमध्ये लखनौत अन्न घेऊन आलेल्या एका दलित स्वाराने फिर्याद दिली की जात कळल्यावर अन्न नाकारून त्याला मारहाण झाली. आरोपींनी ते नाकारले. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम. मात्र दारात उभा असलेला माणूस, हातात अन्न, आणि आतून नाव विचारणारा आवाज, हे दृश्य ज्याला जुने वाटत नाही त्याने आपले साहित्य वाचलेले नाही. बलुतेदारीत महार दारात उभा राहून अन्न मागत असे. आता तो दारात उभा राहून अन्न देतो. या उलथापालथीवर एखादी समर्थ कथा आली असेल तर ती माझ्या वाचनात नाही.

शहराचे रस्तेही त्याला सारखे खुले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आहे, २०२४ साली खुल्या झालेल्या अटल सेतूवरही आहे. कारण सुरक्षिततेचे दिले जाते आणि ते खोटे नाही. मी याला अस्पृश्यता म्हणणार नाही. शब्द असे सैल वापरले तर ते बोथट होतात. पण सार्वजनिक पैशातून बांधलेला सर्वांत वेगवान रस्ता ज्याच्याकडे चार चाके आहेत त्याचाच, ही व्यवस्था वर्गाची आहे एवढे तरी म्हणावे लागेल. २०२५ साली महाराष्ट्रात बाइक टॅक्सीचे नियम आले, त्यांत परवानगी फक्त विजेवर चालणाऱ्या दुचाकींना. हप्ते फेडत आणलेली पेट्रोलची गाडी त्या नियमांच्या बाहेर राहिली. धूर कमी व्हावा हे कोणाला नको आहे? पण तो कमी करण्याचा खर्च कोणाच्या आर. सी. बुकावर चढवला, तेही पाहावे.

आपल्या तरुण कवींनी या स्वारावर कविता लिहायला सुरुवात केली आहे. बहुतेकींत तो पावसात भिजतो, उपाशी पोटी दुसऱ्याचे जेवण पोचवतो आणि शेवटी पडतो. करुणा खरी आहे, पण ही करुणा ग्राहकाच्या खिडकीतून पाहते. किक मारताना पायाला बसणारा झटका, ओढ दिल्यावर सुटणारा वेग, भिगवणच्या पुढे उजाडताना छातीत भरणारा वारा, हा आनंद त्या कवितेत नाही. आनंद लिहिला तर विद्रोह पातळ होईल अशी एक भीती आपल्याकडे आहे. ज्याच्या आजोबाला लगाम धरू दिला नाही त्याने वेगाचा आनंद घेणे, यात विद्रोह नाही तर काय आहे?

या सगळ्या विवेचनातला स्वार पुरुष आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’नंतर (२००३) शहरात आलेल्या बाईचे जग आपल्याला थोडे दिसू लागले. आज नर्सिंगला, बी. एड. ला, स्पर्धा परीक्षेला आलेली मुलगी जुनी स्कूटी घेऊन पेठांतून आणि कर्वेनगरातून हिंडते. वसतिगृहाची वेळ, घरमालकिणीची नजर, गावाकडून दर रात्री येणारा भावाचा फोन, असे तिच्या लगामाला किती हात लागलेले आहेत, हे तिच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. गावात ती मागच्या सीटवर एका अंगाने बसत होती. तिचे लेखन अजून या पानांपर्यंत पोचलेले नाही.