जंतूचा पाहुणचार

लखनौच्या निशातगंजमध्ये कुणाचा ताप आठवडाभर हटला नाही की हातात चिठ्ठी पडते: सीबीसी, मलेरिया, डेंग्यू, विडाल. विडालचा रिपोर्ट लगेच येतो आणि घरातले त्यातल्या आकड्यांवर बोट ठेवून बोलू लागतात. १८९६ साली पॅरिसमध्ये विडाल यांनी मांडलेली ही तपासणी रक्तातली टायफॉइडच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं पाहते. पण टायफॉइड मुरलेल्या मुलखात ती जुन्या दुखण्याची किंवा लसीचीही असू शकतात. एकट्या विडालवर शिक्का मारणं मला कधीच पटलं नाही.

माझा जीव जडलाय तो ब्लड कल्चरवर. ते जंतूच्या पाऊलखुणा मोजत नाही, जंतूलाच वाढवून समोर आणतं. टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात कित्येकदा एखादाच जंतू असतो, म्हणून मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त एकेका बाटलीत घालतात. बाटलीत जंतूंसाठी खाद्य असतं आणि रक्त गोठू न देणारं द्रव्यही. ते द्रव्य रक्तातल्या जंतुनाशक शक्तीलाही आवर घालतं. ज्याला हुसकायचं त्याचाच आधी पाहुणचार करायचा, त्याचं नाव कळावं म्हणून! ही कल्पना मला फार देखणी वाटते.

मग वाट पाहायची, साधारण पाच दिवस. जंतू वाढला की त्यानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड यंत्राला कळतो. पुढचं काम डोळ्यांचं. बाटलीतला थेंब मॅककाँकी आगर या खाद्याच्या थाळीवर पसरला की बिनरंगी, नितळ ठिपके उमटतात. टीएसआय नावाच्या खाद्याच्या नळीत वरचा उतार लाल, बूड पिवळं, गॅसचा बुडबुडा नाही, आणि सुई टोचली तिथे काळी, केसासारखी रेघ. इतक्याशा काळ्या रेघेवरून साल्मोनेला टायफीचा संशय पक्का होत जातो.

टायफॉइड असूनही जवळपास निम्म्या वेळा बाटली गप्प राहते. क्षयाचा किंवा स्क्रब टायफसचा जंतू तर या बाटलीत वाढतच नाही. आणि काही ताप तर सगळ्याच तपासण्यांना हुलकावणी देतात. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी तीन आठवड्यांहून लांबलेल्या, आठवडाभर तपासूनही न उलगडलेल्या तापाचे १०० रुग्ण मांडले. त्यातल्या ७ जणांचं निदान शेवटपर्यंत झालं नाही, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलं.

बाटलीचा सगळ्यात मोठा घात मात्र आधीच गिळलेली अँटिबायोटिकची गोळी करते. रुग्ण अत्यवस्थ नसेल तर आधी रक्त काढावं, मग पहिला डोस द्यावा. आणि गोळी सुरू झालीच असेल तर तिचं नाव चिठ्ठीवर लिहावं.