रोव्हर थॉमस यांचा दृष्टान्त

ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या चित्रांविषयी लिहिताना ‘स्वप्नकाळ’ हा शब्द हटकून येतो. आम्हांला तो अपुरा वाटतो. पूर्वजांनी डोंगर, पाणवठे आणि नीतिनियम घडविले तो काळ त्या लोकांच्या लेखी संपलेलाच नाही. आपल्याकडे ‘दृष्टान्त’ हा अधिक नेमका शब्द आहे. त्यात झोपेत जे सांगितले जाते ते पार पाडावेच लागते. बाळाला घेऊन मिसर देशी निघून जाण्याची आज्ञा योसेफाला अशीच झाली होती. रोव्हर थॉमस (सुमारे १९२६–१९९८) यांची चित्रकला अशाच एका दृष्टान्तातून जन्मली.

थॉमस हे वायव्येकडील किंबर्ली प्रांतात गोऱ्यांच्या कुरणांवर राबलेले गुराखी. पुराच्या दिवसांत टर्की क्रीकजवळ (आजचे वार्मुन) त्यांच्या नात्यातील एका स्त्रीला अपघात झाला. पर्थच्या इस्पितळात नेताना विमानातच तिचे निधन झाले. पुढे ती थॉमस यांच्या झोपेत येऊ लागली. आपला आत्मा कोणकोणत्या स्थळांवरून मायभूमीकडे परतला हे तिने सांगितले, गाणीही दिली. वाटेच्या शेवटी तिला दिसले, की इंद्रधनुष्य-सर्पाने डार्विन शहर उद्ध्वस्त केले आहे. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ‘ट्रेसी’ चक्रीवादळाने ते शहर खरोखरच जमीनदोस्त केले होते. वडीलधाऱ्यांनी त्यातून इशारा घेतला, की गोऱ्यांच्या मागे लागून आपले रीतिरिवाज सोडू नका. नाताळच्या सणाशी जोडलेला हा अर्थ आम्हां ख्रिस्ती वाचकांना थोडा बोचतो. तो बोचावाच.

त्या गाण्यांतून ‘गुरिर गुरिर’ हे नृत्य उभे राहिले. नर्तक खांद्यांवर रंगविलेल्या फळ्या घेऊन नाचत. आरंभी त्या पॅडी जामिंजी रंगवीत, नंतर थॉमस स्वतः रंगवू लागले. ‘सायक्लोन ट्रेसी’ (१९९१) या त्यांच्या चित्रात एक काळाकभिन्न पट्टा फलकभर रुंदावत जातो आणि मातीच्या रंगाचे छोटे वारे त्याला येऊन मिळतात. कडेला पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा, बस्स. एवढ्यावर वादळ उभे करण्याचे हे बळ दुर्मीळ आहे.

कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात मार्क रॉथको यांचे चित्र पाहून, माझ्यासारखे रंगविणारा हा कोण, असे थॉमस यांनी विचारल्याचे सांगतात. समीक्षकांनी मात्र तुलना उलटी केली आणि थॉमस यांना अमूर्तवादी ठरविले. ही स्तुती आम्हांला मान्य नाही. ज्याला ते रिकामा रंगपट्टा समजतात ती नाव असलेली टेकडी असते, कधी हत्याकांडाची जागा असते. २००१ साली त्यांच्या एका चित्राला लिलावात ७,७८,७५० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. किंमत कळली, जागा कळली नाही.

त्यांच्या सहकारी क्वीनी मॅकेन्झी यांनी ‘मिस्टेक क्रीक मॅसकर’ हे चित्र १९९७ मध्ये रंगविले. तेथे आपली माणसे मारली गेली, हे गिजा लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. राष्ट्रीय संग्रहालयाने ते २००५ मध्ये विकत घेतले खरे. पण घटनेविषयी इतिहासकारांत वाद होता, म्हणून अनेक वर्षे संग्रहात दाखल करून घेतले नाही. कागद नाही म्हणून आजीची साक्ष खोटी, असा तो न्याय होता.