रेल्वेयार्डांचीं स्वप्नचित्रें

जुन्या रेल्वेयार्डांच्या जागीं उभारावयाच्या वस्तीचीं चित्रें अलीकडे वारंवार दृष्टीस पडतात. ग्रंथांप्रमाणें त्यांचेंही परीक्षण व्हावयास हवें. कारण जमिनीचा निर्णय पुष्कळदां या चित्रांवरूनच लोकांच्या मनांत ठरतो.

मुंबईस हा प्रकार नवा नव्हे. ॲक्सेल हेगनें बोरीबंदर स्थानकाचें जलरंगचित्र १८७८ सालीं काढलें. इमारत पुरी व्हावयास १८८८ साल उजाडलें. परंतु तें स्टीव्हन्सच्या एका निश्चित रचनेचें चित्र होतें, आणि आजही कोणींही बोरीबंदरास उभें राहून इमारतीशीं त्याचा ताळा पाहावा.

आजचीं चित्रें घारीच्या डोळ्यांनीं काढलेलीं असतात. त्यांत आषाढ कधीं येत नाहीं. माणसें थोडीं, तींही हातांत ओझें नसलेलीं. आणि झाडें पहिल्याच दिवशीं पन्नास वर्षांचीं! न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्‌सचा पहिला भाग २०१९ सालीं खुला झाला. तेथील बाग रुळांवर घातलेल्या छतावर आहे. खालच्या गाड्यांच्या उष्णतेनें मुळें होरपळूं नयेत म्हणून मातींत नळ्या घालून थंड द्रव खेळवावा लागतो. चित्रांत झाड दिसतें. त्या नळ्या आणि त्यांचा खर्च दिसत नाहीं. उभा छेद दाखविल्यावांचून असल्या योजनेचें चित्र नुसतें अपुरें नव्हे, फसवें होय.

चिंचपोकळीच्या वाचकास हें परकें वाटणार नाहीं. शेजारच्या परळचा रेल्वे कारखाना १८७९ सालचा. तो हलवून तेथें लांब पल्ल्याच्या गाड्यांचें टर्मिनस करण्याची योजना रेल्वेनें मांडली, तेव्हां कामगारांनीं विरोध केला. गिरण्यांच्या जमिनींचा धडा तर डोळ्यांसमोरच आहे. चार्लस कोरिया यांच्या समितीनें १९९६ सालीं त्या जमिनींचा एकत्र विचार सुचविला. पुढें २००१ सालीं नियम बदलून वांटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल उचलून धरला, आणि मैदानांचा व परवडणाऱ्या घरांचा वांटा आक्रसला. नियमांतील एका ओळीनें जें झालें, तें कोणत्या रंगीत चित्रांत उमटलें?

म्हणून आमची मागणी साधी आहे. योजनाकारानें एक चित्र चिंचपोकळीच्या पुलावरून, माणसाच्या उंचीवरून, संध्याकाळीं लोकल रिकामी होते त्या वेळचें काढावें; दुसरें चिंतामणीच्या आगमनाच्या दिवसाचें. १९२० पासूनच्या त्या उत्सवाची गर्दी ज्या रस्त्यावर लोटते, तो रस्ता मनोऱ्यांच्या पायथ्याशीं किती रुंद उरतो, हें फुटांत मोजून चित्राच्या कडेला लिहावें.