किल्ली कुणी दिली?

उर्दू शायरीवर वाढलेल्या वाचकाला चिठ्ठीचे अप्रूप फार. कासिद निघतो, जवाब येत नाही, आशिक झुरत राहतो. चिठ्ठी म्हणजे लिहिणाऱ्याचे काळीज, अशी आपली भाबडी समजूत असते. शोदेर्लो द लाक्लो या फ्रेंच तोफखान्यातील अधिकाऱ्याने १७८२ साली प्रसिद्ध केलेली ‘ले लियेझाँ दांजरूझ’ ही कादंबरी या समजुतीला सुरुंग लावते.

कादंबरी १७५ पत्रांची आहे. सगळे सांगणारा निवेदक नाही. उमरावांच्या हवेल्यांतून गुपचूप फिरणारी पत्रेच कथा सांगतात. मादाम द मेर्तेय ही विधवा समाजात सच्छील म्हणून मिरवते, तर तिचा जुना प्रियकर वालमाँ उघड बदफैली आहे. तिला सोडून गेलेल्या एका सरदाराचे लग्न सेसिलशी ठरले आहे. सेसिल पंधरा वर्षांची, नुकतीच कॉन्व्हेंटातून घरी आलेली. लग्नाआधीच तिला नासवायची, हा मेर्तेयचा सूड. वालमाँला मात्र मादाम द तूरवेल या धर्मनिष्ठ विवाहितेला जिंकायचे आहे. तिला तो एक विरहपत्र लिहितो, तेही एका वेश्येच्या अंगाचे मेज करून. पत्रातला शब्दन् शब्द दुहेरी अर्थाचा. तूरवेल ते प्रेमपत्र म्हणून वाचते, मेर्तेय विनोद म्हणून.

परंतु कादंबरीचे मर्म मला सेसिलच्या प्रकरणात दिसते. दांसनी हा तरुण तिच्या हार्पच्या तारांत पत्र लपवून ठेवतो. या दोघांचे प्रेम खरे, कोवळे. आईला सुगावा लागतो आणि पत्रे बंद होतात. तेव्हा वालमाँ मदतीला येतो. दांसनीची पत्रे पोहोचवायची आहेत असे सांगून तो सेसिलकडून तिच्या खोलीची किल्ली हस्तगत करतो आणि एका रात्री आत शिरतो. ती ओरडू पाहते, तेव्हा तो बजावतो की ही किल्ली तूच दिलीस, तुझ्यावर विश्वास कोण ठेवील?

हा प्रसंग दोनदा येतो. ९६व्या पत्रात वालमाँ तो शिकारीच्या फुशारकीने सांगतो. ९७व्या पत्रात सेसिल रडत, स्वतःलाच दोष देत तोच प्रसंग मेर्तेयला कळवते. कारस्थान जिने रचले, तिच्याकडेच ती आधार मागते! दोन पत्रे शेजारी ठेवून लाक्लो गप्प बसतो. निवाडा वाचकाने करायचा.

या प्रसंगाला टीकाकारांनी फार काळ ‘मोहात पाडणे’ म्हटले. मराठीतही ‘फूस लावली’ असा सोयीचा वाक्प्रचार आहेच. त्यात मुलीचीही थोडी संमती गृहीत धरली जाते. सेसिलचे पत्र नीट वाचले तर तो बलात्कार आहे, याबद्दल शंका उरत नाही.

मेर्तेयला केवळ खलनायिका म्हणून निकालात काढता येत नाही. ८१व्या पत्रात ती सांगते की पुरुषांच्या या जगात टिकण्यासाठी आपण चेहऱ्यावरची रेषदेखील ताब्यात ठेवायला शिकलो. प्रियकराला कधी पत्र लिहायचे नाही, हा तिचा दंडक. वालमाँपाशी तो मोडला आणि त्याच पत्रांनी तिचा घात केला. दांसनीशी झालेल्या द्वंद्वात वालमाँ मरतो, पण मरताना पत्रे दांसनीच्या हवाली करून थोडी इभ्रत कमावून जातो. मेर्तेयची नाट्यगृहात छी-थू होते, देवीने तिचा एक डोळा जातो. तूरवेल झुरून मरते, सेसिल कायमची कॉन्व्हेंटात जाते. शिक्षेचे हे वाटप मला कादंबरीचे वैगुण्य वाटते. देवीचा रोग तर लेखकाने घाईने उरकलेला हिशेब आहे. मात्र १७८३ साली स्त्रीशिक्षणावर लिहू लागला तेव्हा याच लाक्लोने म्हटले की स्त्री गुलाम आहे तोवर तिचे खरे शिक्षण शक्य नाही. कादंबरीतली ठिणगी तिथे उघड दिसते.

ते उमराव गेले, त्यांच्या हवेल्या गेल्या. आपल्या मोहल्ल्यात आजही मुलीच्या दप्तरात चिठ्ठी किंवा मोबाइलवर मेसेज सापडला की पहिल्यांदा बंद होते ती तिची शाळा. लिहिणाऱ्याचे नाव नंतर विचारतात, कधी विचारतही नाहीत. खानदानाची अब्रू मुलीच्या पदरात बांधून ठेवली की कुठल्याही वालमाँला फार कष्ट पडत नाहीत. किल्ली कुणी दिली, हा सवाल त्याच्या वतीने आपणच विचारत असतो.