गुलामांचीं आत्मकथनें आणि बालशिक्षण : लोपदोषाचा विचार

मुलांस गुलामगिरीचा इतिहास शिकवावयाचा तर तो गुलामांच्याच तोंडून शिकवावा, हें मत योग्य आहे. परंतु अशीं आत्मकथनें मुलांसाठीं संक्षिप्त करतांना ख्रिस्ती श्रद्धेच्या बाबतींत दोन प्रकारची काटछाट संभवते. श्रद्धाळू संपादक निवेदकाची प्रार्थना ठेवतो व धर्मनिष्ठ म्हणविणाऱ्या मालकांवरील त्याचा कोप गाळतो. इहवादी संपादक कोप ठेवतो व प्रार्थना गाळतो. आमच्या मतें दोघेही एकाच दोषाचे धनी होत. तो दोष म्हणजे लोप.

याचें ठळक उदाहरण म्हणजे वेस्ट इंडीजमधील गुलामांकरितां वेंचे काढून लंडन येथें १८०७ सालीं छापलेलें बायबल. भावांनीं विकलेल्या योसेफाची कथा त्यांत आहे. पण इजिप्त देशांतील दास्यांतून मोशेनें इस्राएल लोकांस सोडविलें, तो भाग नाहीं. ख्रिस्ताच्या ठायीं दास व स्वतंत्र हा भेद उरत नाहीं, असें सांगणारें गलतीकरांस पत्रांतील वचन नाहीं. दासांनीं धन्याच्या आज्ञेंत राहावें, हें इफिसकरांस पत्रांतील वचन मात्र जागच्या जागीं आहे. यांत प्रक्षेप करण्याची गरजच पडली नाहीं. केवळ गाळून ग्रंथाचा अर्थ फिरविला. लोप ओळखावयास मूळ ग्रंथ ठाऊक असावा लागतो, आणि मुलांस नेमका तोच ठाऊक नसतो.

आतां मेरी प्रिन्स हिचें १८३१ सालीं प्रसिद्ध झालेलें कथन घ्यावें. बर्म्युडांत गुलाम म्हणून जन्मलेल्या या स्त्रीनें लंडनमध्यें आपली हकीकत सांगितली. सुझाना स्ट्रिकलंड हिनें ती लिहून घेतली. आणि गुलामगिरीविरोधी संस्थेचे चिटणीस टॉमस प्रिंगल यांनीं ती संपादिली. अँटिग्वा बेटांत मोरेव्हियन पंथाच्या स्त्रियांनीं तिला वाचावयास शिकविलें. त्याच पंथाच्या प्रार्थनामंदिरांत तिनें एका स्वतंत्र मनुष्याशीं लग्न केलें, आणि त्या लग्नापायीं तिला धन्याचा चाबूक खावा लागला. तिची श्रद्धा गाळली तर ती वाचावयास कशी शिकली हें कळत नाहीं. चाबूक गाळला तर त्या श्रद्धेची तिला काय किंमत पडली हें कळत नाहीं. नंतरच्या आवृत्तीस जोडलेल्या एका पत्रांत, इंग्रज स्त्रियांनीं तिच्या अंगावरील व्रण प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष आहे. तिचा एकटीचा शब्द पुरेसा मानला गेला नाहीं, हीही मुलांस सांगण्यासारखी गोष्ट आहे.

अमेरिकेंतील फ्रेडरिक डग्लस याच्या १८४५ सालच्या आत्मकथनांत तर दोन्ही बाजू एकमेकींत गुंतल्या आहेत. त्याचा धनी टॉमस ऑल्ड १८३२ मध्यें मेथॉडिस्टांच्या मेळाव्यांत धर्मनिष्ठ झाला. त्यामुळें तो दयाळू होईल अशी डग्लसला आशा होती. परंतु तो अधिकच निष्ठुर झाला, आणि एका पंगु दासीस फटके मारून वर बायबलाचें वचन ऐकवूं लागला. त्याच डग्लसनें आपल्या बांधवांसाठीं रविवारची शाळा भरवून त्यांस वाचावयास शिकविलें. पुस्तकाच्या परिशिष्टांत तो स्पष्ट करतो कीं, आपला रोष गुलाम बाळगणाऱ्या देशाच्या ख्रिस्ती धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या धर्मावर नाहीं. परिशिष्ट म्हणून शालेय आवृत्तींत प्रथम त्यालाच कात्री लागण्याचें भय. आणि तें गेलें कीं डग्लसचा रोष मुलांस केवळ धर्मद्वेष वाटेल.

कोवळ्या वयास क्रौर्याचीं वर्णनें झेपत नाहींत, हा आक्षेप रास्त आहे. वर्गांत आयुष्य घालविल्यामुळें तो आम्हांस अनुभवानेंही ठाऊक आहे. त्यावर उपाय इतकाच कीं, उतारा लहान घ्यावा, पण घेतला तेवढा अखंड घ्यावा. आणि त्रुटित पोथी छापतांना आपण जशी रिकाम्या जागेची खूण करतों, तशी येथेंही गाळल्याची खूण करावी. ती खूण पाहून मूल विचारील, त्या वेळीं शिक्षकानें वयास साजेल इतकें सांगावें.

आपल्या पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे कागद आढळतात. त्यांत किंमत सांपडते, विकणाराचें व घेणाराचें नांव सांपडतें. ती बाई स्वतः काय म्हणाली हें क्वचितच सांपडतें. असे मुके कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस शब्दबद्ध साक्षीचें मोल निराळें सांगावयास नको. जेथें ती साक्ष सुदैवानें उरली आहे, तेथें ती प्रार्थनेसह आणि कोपासह मुलांच्या हातीं पडावी, एवढीच विनंती.