विसावा आणि ऋण

पवनानगरला धरणाकाठी सुट्टीचे तंबू पाहताना आम्हांस गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आठवली. लेखक याच मावळातील, तळेगावचे रहिवासी, कादंबरी नर्मदा-परिक्रमेची. रूढीने ही परिक्रमा ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवसांची. संसारातून घेतलेली दीर्घ रजाच. परंतु ती विकत मिळत नाही. परिक्रमावासी अनोळखी दारी भिक्षेसाठी उभा राहतो. तेथेच त्याचा अहंकार गळतो. ह्या ऋणाच्या जाणिवेत आम्हांस कादंबरीचे मोठेपण दिसते. लेवीय ग्रंथातील २५ वा अध्याय सातव्या वर्षी भूमीला विसावा देतो आणि तिच्या उपजावर दासाचा व परक्याचाही हक्क सांगतो. आपल्या विसाव्यासाठी राबणाऱ्याला विसावा केव्हा? पुस्तक मिटल्यावर हा प्रश्न उरतो. तो आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो.